शून्याने गुणलेला मांजरसुंबा

१/ जगातील शहरांना ‘अल्फा’, ‘बीटा’, ‘गॅमा’ अशा श्रेणी देणारी एक यादी काही वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध होते आणि समाजमाध्यमांवर तिचे तक्ते फिरू लागतात. मुंबई ‘अल्फा’ असल्याचा आनंद साजरा होतो. त्याच तक्त्याखाली मराठवाड्याविषयीचे एक जुने वाक्यही हमखास उमटते: हा प्रदेश जगापासून तुटलेला राहिला, म्हणून मागे पडला. या थ्रेडचा आक्षेप त्या वाक्यावर आहे. मराठवाडा जगाशी फार पूर्वीपासून जोडलेला आहे. त्याचे दुखणे जोडणीच्या अटींमध्ये आहे, आणि या यादीला दिसत नाहीत त्या नेमक्या याच अटी.

२/ हा आक्षेप तपासण्यासाठी मांजरसुंब्यासारखे दुसरे सोयीचे ठिकाण नाही. बीड शहराच्या दक्षिणेस, बालाघाटच्या रांगेत वसलेले हे गाव. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक २११, आताचा ५२) घाट चढून येथे येतो. जामखेड-पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता त्याला येथेच छेदतो. जवळच कपिलधार येथे मन्मथ स्वामींची समाधी आहे; तेथील यात्रेला महाराष्ट्राबरोबर कर्नाटक-तेलंगणातूनही भाविक येतात. ज्याला ‘तुटलेले’ म्हणावे असे या चौकात काहीच नाही. तरीही यादीच्या गणितात त्याची किंमत शून्य येते. हे शून्य कोठून येते, ते आधी पाहणे आवश्यक आहे.

३/ यादीचा उगम इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात आहे. तेथे १९९८ मध्ये भूगोलतज्ज्ञ पीटर टेलर यांच्या पुढाकाराने ‘जीएडब्ल्यूसी’ या नावाने ओळखले जाणारे संशोधकांचे जाळे उभे राहिले. त्याआधी १९८६ मध्ये जॉन फ्रीडमन यांनी ‘विश्वनगरां’ची कल्पना मांडली होती. १९९१ मध्ये सास्किया सासेन यांनी न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो यांच्या अभ्यासातून असा सिद्धान्त मांडला की कारखाने जगभर विखुरले तरी त्यांच्यावरचे नियंत्रण मूठभर शहरांत एकवटत जाते. कारण लेखापरीक्षण, कायदा, जाहिरात आणि वित्त या क्षेत्रांतील विशेष सेवा तेथेच मिळतात.

४/ टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची तक्रार रास्त होती. शहरांची तुलना लोकसंख्येवरून किंवा उत्पन्नावरून होत असे. शहरांचे एकमेकांशी असलेले संबंध मात्र कोणीच मोजत नव्हते. त्यांनी मार्ग काढला तो असा: या विशेष सेवा पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या घ्यायच्या आणि त्यांची कार्यालये कोणत्या शहरांत आहेत ते पाहायचे. २००० च्या मोजणीत १०० कंपन्या आणि ३१५ शहरे होती. पुढे कंपन्यांची संख्या १७५ झाली. प्रत्येक शहरातील प्रत्येक कंपनीच्या अस्तित्वाला ० ते ५ गुण मिळतात. मुख्यालयाला ५, साधारण शाखेला २, कार्यालयच नसेल तर ०.

५/ पुढची पायरी गुणाकाराची. एखाद्या कंपनीचे मुख्यालय लंडनमध्ये (५) आणि मोठी शाखा मुंबईत (३) असेल, तर त्या कंपनीपुरता लंडन–मुंबई दुवा पाच त्रिक पंधरा. सर्व कंपन्यांचे असे गुणाकार मिळवले की दोन शहरांमधील दुवा मिळतो, आणि एका शहराचे सर्व दुवे मिळवले की त्याचे ‘जोडलेपण’. आता मांजरसुंब्याचा हिशेब करावा. १७५ पैकी एकाही कंपनीचे कार्यालय तेथे नाही. शून्याला लंडनच्या पाचाने गुणा, न्यूयॉर्कच्या पाचाने गुणा, उत्तर शून्यच. चौकातून रोज किती ट्रक गेले, त्यांत काय भरले होते, ते कोणाच्या घामाचे होते, हे प्रश्न या गणितात शिरायला दारच नाही.

६/ येथवर यादीकर्त्यांवर अप्रामाणिकपणाचा आरोप करता येत नाही. ते काय मोजतात हे त्यांनी उघड लिहिले आहे. दोष सुरू होतो तो नावापाशी. ‘निवडक सेवाकंपन्यांच्या कार्यालयांचे जाळे’ असे त्या मापाचे खरे नाव आहे. तक्त्यावर मात्र ‘जागतिक आर्थिक जोडलेपण’ असे मोठे नाव येते. मोठ्या नावाखाली छोटे माप ठेवले की वाचक छोट्या मापावरून मोठे निष्कर्ष काढतो. ग्रीक अक्षरांची उतरंड त्यात भर घालते. अल्फा वर, गॅमा खाली, आणि जे त्यांपैकी कोठेच नाही ते जणू जगातच नाही.

७/ माप किती छोटे आहे हे मुंबईच्याच उदाहरणाने कळते. बीव्हरस्टॉक, स्मिथ आणि टेलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या यादीत १२२ शहरे तपासून ५५ ‘विश्वनगरे’ निश्चित केली होती. त्यांत जर्मनीचे ड्युसेलडॉर्फ होते, अमेरिकेतील मिनियापोलिस होते. मुंबई नव्हती! एक कोटीहून अधिक वस्तीचे, रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय असलेले, १८७५ पासून शेअर बाजार चालवणारे शहर ‘विश्वनगर होण्याची चिन्हे दिसतात’ अशा रांगेत, दिल्लीच्या शेजारी उभे होते. २०२० च्या यादीत तीच मुंबई ‘अल्फा’ ठरली.

८/ मधल्या दोन दशकांत मुंबई बदलली, हे खरे. मोजण्याची पद्धतही बदलली, हेही तितकेच खरे. परंतु त्याआधीच्या दोन शतकांत या बंदरातून अफू चीनला गेली, कापूस लँकेशायरला गेला आणि गिरण्यांचे सूत पूर्वेच्या बाजारात गेले. त्या शहराला विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘विश्वनगर’ म्हणता येऊ नये, यात शहराचे न्यून कमी आणि मापाचे न्यून अधिक आहे. ज्या पट्टीला १९९९ मध्ये मुंबई सापडली नाही, तिला मराठवाडा सापडला नाही याचे आश्चर्य कशाला वाटावे?

९/ आणखी एक तपशील पाहण्याजोगा आहे. यादीत वकिली कंपन्यांना स्थान आहे. भारतात मात्र परदेशी वकिली कंपन्यांना कार्यालय थाटून व्यवसाय करण्यास दीर्घकाळ मज्जाव होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो स्पष्ट केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो मूलतः कायम ठेवला, आणि बार कौन्सिलने मर्यादित मुभा देणारे नियम २०२३ मध्ये आणले. म्हणजे मुंबईच्या रकान्यात कायद्याचे जे शून्य पडे, त्यात भारतीय कायद्याचा वाटा होता. जगाशी संबंध नसणे आणि परदेशी वकिलाला परवाना नसणे या दोन गोष्टी यादीत एकच दिसतात.

१०/ आता इतिहासाकडे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे व्यापारी मार्गवर्णन लाल समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतची बंदरे नोंदवते. दख्खनच्या अंतर्भागातील बाजारपेठांपैकी दोन त्यात विशेष महत्त्वाच्या ठरतात: पैठण आणि तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवली. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेकडे सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो नाविक सांगतो. पैठणहून गोमेदाच्या जातीचे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमलीचे नाना प्रकार गाड्यांवर लादून, अवघड मुलखातून भडोचला जात.

११/ त्या नाविकाचे अंतर आजच्या नकाशावर ताडून पाहता येते. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर. वीस दिवसांत म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर. दहा दिवसांत म्हणजे दिवसाला पंधरा. दोन्ही आकडे बैलगाडीच्या चालीला शोभणारे आहेत. शिवाय पैठण आणि तेर यांना जोडणारी रेषा ओढली की ती मध्यावर बीड-मांजरसुंब्याच्या जवळून जाते. सरळ रेषा म्हणजे रस्ता नव्हे, हे भान इतिहासाच्या अभ्यासकाने ठेवलेच पाहिजे. तरीही गोदावरीच्या खोऱ्यातून तेरकडे जाणाऱ्याला बालाघाट कोठेतरी चढावाच लागतो.

१२/ तेरच्या मातीनेही साक्ष दिली आहे. उत्खननांत आणि गावातील संग्रहांत रोमन धाटणीचे दिवे मिळाले, रोमन नाण्यांची नक्कल करणारी मातीची पदके मिळाली, आणि एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमाही मिळाली. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती प्रतिमेशी तिचे नाते अभ्यासकांनी जोडले आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ज्या प्रदेशाची कारागिरी त्या राखेखालच्या वस्तूशी ताडून पाहावी लागते, त्याला ‘जगापासून तुटलेला’ म्हणण्यापूर्वी दोन क्षण थांबावे. ‘पेरिप्लस’ असेही नोंदवतो की समुद्रकिनाऱ्याकडचा माल तगरच्या बाजारात येत असे. म्हणजे तगर हे शेवटचे टोक नव्हते. तो मधला दुवा होता.

१३/ आता लफबरोची पट्टी त्या काळाला लावून पाहावी. व्हिएन्नामध्ये जतन केलेल्या, दुसऱ्या शतकातील एका पपायरसवर अलेक्झांड्रिया–मुझिरिस व्यापारासाठीच्या कर्जाचा करार आहे, आणि मागच्या बाजूस ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजावरील मालाची किंमत मांडली आहे. मुझिरिस केरळच्या किनाऱ्यावर होते. दख्खनच्या मालाचे बंदर भडोच. समुद्रव्यापाराची रीत मात्र या कागदातून कळते. कर्ज, तारण, करार, हिशेब: आजच्या यादीतील सेवांची ही पूर्वज मंडळी. पट्टी लावली की अलेक्झांड्रिया ‘अल्फा’ ठरेल, भडोचला एखादे अक्षर मिळेल, आणि तगरच्या विणकराला शून्य. जहाजात मलमल त्याच्या मागावरची असली, तरी करार त्याच्या गावी लिहिला गेला नाही, एवढाच त्याचा अपराध.

१४/ यातून एक गोष्ट निघते आणि सगळा वाद तिच्याभोवती फिरतो. ही यादी जोडणीवर हुकूम कोणाचा चालतो ते मोजते. जोडणीत कोण कोण गुंतले आहे ते ती मोजत नाही. हुकूम चालवणारा आणि हुकूम पाळणारा हे एकाच दोरीच्या दोन टोकांना बांधलेले असतात; यादी एका टोकाला ‘अल्फा’ म्हणते आणि दुसऱ्या टोकाला दोरीच नाही असे समजते. एकोणिसाव्या शतकातील कापसाने हे महाराष्ट्राला पुरेसे शिकवले होते.

१५/ १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या भारताकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. शेअरांचा जुगार माजला. बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचे शेअर आभाळाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा राजाही त्यात बुडाला. आजच्या पट्टीने मुंबई तेव्हा ‘अल्फा’ झाली असती, कारण पेढ्या, बँका आणि दलाल यांची तेथे दाटी होती. कोसळण्याची किंमत मात्र दाटीच्या बाहेरही वसूल झाली.

१६/ १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्याच्या काही तालुक्यांत नव्या मोजणीने शेतसारा वाढला. भाव उतरले, सावकारांनी हात आखडले, जुने कर्ज फुगत गेले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. कापूस हे त्याचे एकमेव कारण नव्हते. सारा, कर्ज आणि न्यायालयांची रीत यांचा गुंता त्यामागे होता. परंतु तो शेतकरी जगापासून तुटलेला होता म्हणून पेटला नाही. लिव्हरपूलचा भाव, सरकारी सारा आणि सावकाराचा रोखा या तिन्हींना तो बांधलेला होता, आणि तिन्हींपैकी एकाचीही अट त्याने ठरवलेली नव्हती.

१७/ बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. सरहद्दीच्या पलीकडचे हे उदाहरण आहे, अशी शंका कोणी काढील. मग अलीकडचे आणि अलीकडच्या बाजूचे उदाहरण घ्यावे. जालन्यात १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये, म्हणजे लफबरोचे जाळे सुरू झाले त्याच वर्षी, बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली. त्यात अमेरिकेतील सेंट लुईसची मोन्सँटो आणि जालन्याची महिको या भागीदार होत्या. पुढे मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या हातात आलेल्या पाकिटाच्या किमतीत बियाण्याबरोबर तंत्रज्ञानाचे शुल्कही होते, आणि ते किती असावे यावरचे वाद न्यायालयापर्यंत गेले.

१८/ सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत घडलेला जनुक मराठवाड्याच्या काळ्या रानात रुजतो, याहून घट्ट जोडणी कोणती? तरीही हा दुवा यादीत येत नाही, कारण बियाणे कंपन्या तिच्या खिजगणतीत नाहीत. लेखापाल मोजायचा आणि बियाणे मोजायचे नाही, हा निसर्गनियम नाही; ती संशोधकांची निवड आहे. तिला त्यांची कारणे आहेत. पण तक्ता पुढे ढकलणाऱ्याने ती निवड विसरून त्याला जगाचा आरसा म्हणू नये.

१९/ सर्वांत बोलके उदाहरण मात्र मांजरसुंब्याच्या चौकातच पाहायला मिळते. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. संसार, पोरे, जनावरे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत आणि ट्रकांत घालून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परततात. १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला हात हवे होते. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या कोरडवाहू मुलखाने ते पुरवले, आणि आजही काही लाख माणसे दरसाल ते पुरवतात.

२०/ त्या हातांनी तोडलेल्या उसाची साखर कोठे जाते? २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन साखर तयार केली. देशात ती सर्वाधिक होती. त्याच हंगामात भारताने सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली. साखरेचा जागतिक भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या वायदेबाजारांत ठरतो. यादीच्या शिखरावर ‘अल्फा डबल प्लस’ म्हणून बसलेली हीच ती दोन शहरे. कोयत्यापासून वायदेबाजारापर्यंत दुवा अखंड आहे. त्यात कोठेही तुटलेपण नाही.

२१/ त्या दुव्याच्या अटी पाहाव्यात. हंगामाआधी मुकादमाकडून ‘उचल’ घेतली जाते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. माणसांचे नावच हत्याराचे झाले आहे. मजुरी टनावर. खाडा झाला तर पैसे कापले जातात. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. कारखान्याचा करार मुकादमाशी. फडात राबणारी बाई कारखान्याच्या कागदावर बहुधा कोणीच नसते. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जगाशी जोडले जाण्याची ही किंमत आहे, आणि ती कोणत्याही तक्त्यात ग्रीक अक्षराने लिहिली जात नाही.

२२/ येथे दोन आक्षेप येतील. पहिला: प्रदेश खरोखरच तुटलेला होता; अहिल्यानगरहून बीडला रेल्वे सप्टेंबर २०२५ मध्ये पोहोचली, त्यासाठी तीन दशके वाट पाहावी लागली. हा आक्षेप खरा आहे आणि त्यामागचा अन्यायही खरा आहे. पण त्या तीन दशकांत रेल्वेवाचून ऊसतोडीच्या एकाही टोळीचे जाणे थांबले नाही. महामार्ग चौपदरी झाला. टोळ्या लवकर पोहोचू लागल्या. उचलीची अट चौपदरी रस्त्याने सैल झाली नाही. ज्याचे दुखणे वाईट अटी हे आहे, त्याला केवळ अधिक रस्ता दिला तर तो वाईट अटींपर्यंत अधिक वेगाने पोहोचतो.

२३/ दुसरा आक्षेप: यादी शहरांची आहे, मांजरसुंबा हे गाव, ते तीत शोधणेच चूक. यादीच्या पद्धतीपुरते हे मान्य. परंतु मग ‘मराठवाडा जोडलेला नाही’ हा निष्कर्षही त्या यादीवरून काढता येत नाही. शहराची पट्टी गावाला लावायची नसेल तर ती कोणत्याच बाजूने लावू नये. जेनिफर रॉबिन्सन यांनी २००२ मध्येच दाखवून दिले की अशा याद्यांमुळे जगातील बहुसंख्य शहरे नकाशाबाहेर फेकली जातात, आणि मग त्यांना शिखरावरच्यांची नक्कल करण्याचा सल्ला दिला जातो. शहरांबाबत जे खरे, ते चौकांबाबत दुप्पट खरे आहे.

२४/ ‘तुटलेला’ हा शब्द इतका लोकप्रिय का, याचेही कारण आहे. तो कोणालाच दोषी धरत नाही. तुटलेपण म्हणजे भूगोल, नशीब, फार तर सरकारी दिरंगाई. ‘वाईट अटींवर जोडलेला’ म्हटले की पुढचा प्रश्न अटळ होतो: अटी कोणी लिहिल्या? मग कारखाना, मुकादम, व्यापारी, बियाण्याची कंपनी, वायदेबाजार आणि सरकार या सर्वांची नावे घ्यावी लागतात. ‘तुटलेला’ म्हटल्याने ती सर्व नावे वाचतात, आणि दोष बालाघाटच्या डोंगरावर जातो.

२५/ म्हणून पुढच्या वेळी असा तक्ता समोर आला, तर इतिहासाच्या वाचकाने त्याला तीन प्रश्न विचारावेत. येथे नेमके काय मोजले आहे? जे मोजलेले नाही ते या शहरात कोणत्या रस्त्याने येते? आणि त्या रस्त्यावरच्या माणसाने आपल्या जोडणीची एखादी तरी अट स्वतः ठरवली आहे का? मुंबईच्या ‘अल्फा’ला या प्रश्नांनी कमीपणा येत नाही. तगरच्या विणकरापासून उसाच्या फडातल्या बाईपर्यंत ज्यांच्या कष्टावर अशी अक्षरे उभी राहिली, ते मात्र हिशेबात येतात.

२६/ मांजरसुंब्याच्या चौकात या दिवाळीनंतरही ट्रॉल्या येतील आणि पाटोद्याच्या दिशेने वळतील. त्यांत बसलेल्यांना कोणत्याही यादीतले स्थान नको आहे. कारखान्याच्या हजेरीपटावर नाव, हाती पडणारी पूर्ण मजुरी, आजारपणाला दंड न लावणारा करार आणि मागे राहिलेल्या पोरांची शाळा, एवढ्याच अटी त्यांना बदलून हव्या आहेत. या अटी बदलल्या तरी लफबरोच्या गणितात मांजरसुंबा शून्यच राहील. त्याने बिघडत काहीच नाही. ती मोजणी त्यांच्यासाठी केलेली नव्हतीच.

(समाप्त)